सूचीपत्र, दुकान आणि पुन्हा सूचीपत्र : सिअर्सची गोष्ट

#थ्रेड #इतिहास

(१)
१५ ऑक्टोबर २०१८. अमेरिकेतील 'सिअर्स' या कंपनीने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. तेव्हा तिच्याकडे ६८७ दुकाने आणि सुमारे ६८,००० कर्मचारी उरले होते. इंटरनेटने आणखी एक जुने दुकान गिळले, असा सर्वसाधारण समज झाला.

मित्रहो, गोष्ट इतकी सरळ नाही. घरी बसून खरेदी करण्याची सवय अमेरिकेला ज्यांनी लावली आणि गावोगावच्या दुकानदारांची झोप उडवली, त्यांत हीच सिअर्स अग्रभागी होती. आणि तेही संगणकाचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी. दूरवर बसून दुसऱ्यांची दुकाने मोडीत काढणारी कंपनी दूरवरच्या खरेदीपुढेच कशी कोलमडली, याचा मागोवा या धाग्यात घेऊ.

(२)
सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन खेड्यापासून. बहुतेक लोक शेतावर राहत आणि सर्वांत जवळचे दुकान कित्येक मैलांवर असे. त्या एकाच दुकानात पिठाच्या पोत्यापासून नांगराच्या फाळापर्यंत सारे मिळे. मालावर किमतीची चिठ्ठी क्वचितच असे. भाव माणूस पाहून आणि घासाघीस करून ठरे. पीक हाती येईपर्यंत उधारी चाले. अनेक ठिकाणी टपालकचेरीही त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात असे. म्हणजे दुकानदार हा वाणी, सावकार आणि टपालमास्तर अशा तिन्ही भूमिकांत वावरे. गावच्या बातम्या त्याच्याच शेगडीभोवती शेकत बसलेल्या मंडळींकडून पसरत. त्याचे स्थान समजून घेतल्याशिवाय पुढची लढाई कळणार नाही.

(३)
या चित्राला एक काळी किनार होती. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, तरी दक्षिणेतील राज्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवत होती. बियाणे, मीठ, कापड हे सारे उभे पीक तारण ठेवून गावच्या दुकानातून उधारीवर घ्यावे लागे. भाव दुकानदार सांगेल तो, व्याज तो लावील ते आणि हिशोबाची वही त्याच्याच हाती. गोऱ्या गिऱ्हाइकांचे आटोपेपर्यंत थांबायचे आणि मग उरलासुरला माल घ्यायचा, हा तर रोजचा अनुभव. गल्ल्यासमोर उभे राहणे ही प्रत्येकासाठी सारखी गोष्ट नव्हती, एवढे ध्यानात ठेवू. याचा संदर्भ पुढे येणार आहे.

(४)
१८७२ मध्ये शिकागो येथे आरॉन माँटगोमेरी वॉर्ड या फिरत्या विक्रेत्याने एकाच कागदावर १६३ वस्तूंची किंमतयादी छापली. खेड्यापाड्यांत हिंडताना शेतकऱ्यांच्या तक्रारी त्याने ऐकल्या होत्या : माल महाग, निवड तोकडी आणि मधल्या अडत्यांची साखळी लांबलचक. थेट घाऊक खरेदी करून रेल्वेने माल पाठवला तर तो स्वस्त देता येईल, हा त्याचा साधा हिशोब होता. 'ग्रेंज' या शेतकरी संघटनेचा त्याला पाठिंबा मिळाला. माल पसंत न पडल्यास पैसे परत, ही हमी त्याने १८७५ पासून दिली. न पाहिलेल्या माणसाकडून न पाहिलेली वस्तू घ्यायची, तर पहिली गरज विश्वासाची असते, हे वॉर्डने ओळखले होते.

(५)
आता रिचर्ड सिअर्स यांचा प्रवेश. मिनेसोटा राज्यातील एका लहानशा रेल्वे स्थानकावर ते कारकुनी करत. १८८६ मध्ये तिथे घड्याळांची एक पेटी आली. गावच्या जवाहिऱ्याने ती घेण्यास नकार दिला. सिअर्स यांनी ती घड्याळे स्वतः घेतली आणि मार्गावरील इतर स्थानकांच्या कारकुनांमार्फत विकून टाकली. काळही अनुकूल होता. नोव्हेंबर १८८३ मध्ये अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळा लागू केल्या होत्या. खिशातले घड्याळ आता हौसेपुरते राहिले नव्हते. पुढच्याच वर्षी सिअर्स शिकागोला आले. त्यांच्या जाहिरातीला उत्तर देऊन घड्याळजी आल्वा रोबक त्यांना येऊन मिळाले. १८९३ पासून कंपनीचे नाव झाले 'सिअर्स, रोबक आणि कंपनी'.

(६)
नावात रोबक राहिले, पण रोबक स्वतः १८९५ मध्ये आपला हिस्सा विकून बाहेर पडले. त्याच वर्षी ज्यूलियस रोझेनवाल्ड हे कापड व्यापारातले गृहस्थ भागीदार म्हणून आले. सिअर्स यांची जाहिरातीची लेखणी भन्नाट चाले. कधीकधी इतकी, की कबूल केलेला माल वखारीत असेलच याची खात्री नसे. रोझेनवाल्ड यांनी त्या लेखणीला हिशोबाची आणि व्यवस्थेची जोड दिली. १८९४ च्या सूचीपत्राची पाने ३२२ होती. त्यात शिवणयंत्रे, खोगिरे, वाद्ये, कपडे, औषधे असे काय वाटेल ते होते. प्रत्येक वस्तूसमोर छापील किंमत. शेतमालकाला आणि शेतमजुराला तीच, एकच. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटते. त्या काळी ती क्रांती होती.

(७)
विश्वास कमावण्यासाठी सिअर्सने अनेक युक्त्या केल्या. पत्र कसे लिहावे, मापे कशी घ्यावीत हे सूचीपत्रातच समजावलेले असे. इंग्रजी येत नसेल तर आपल्या भाषेत लिहा, असे परदेशांतून आलेल्या वसाहतकारांना सांगितले जाई. काही मालासाठी 'पैसे आधी पाठवू नका' अशी योजनाही होती : माल पाहा, मग पैसे द्या. आपल्याला ही कल्पना परकी नाही. भारतात टपाल खात्याने व्ही.पी.पी.ची सोय १८७७ मध्येच सुरू केली होती. पोस्टमन दारात आल्यावर पैसे मोजायचे. आजचे 'कॅश ऑन डिलिव्हरी' हे त्याच पद्धतीचे नवे नाव. अनोळखी विक्रेत्याबद्दलची शंका दूर करण्याचा मार्ग शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही.

(८)
परंतु केवळ छापील पानांनी दुकाने हरली नसती. यात सरकारचा वाटा निर्णायक होता. शहरांत टपाल घरपोच येई. शेतकऱ्याला मात्र पत्रासाठी गाव गाठावे लागे, म्हणजे बहुधा दुकानातच जावे लागे. १८९६ मध्ये ग्रामीण भागात मोफत घरपोच टपालाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०२ मध्ये ती सेवा कायम झाली. टपालगाडी शेताच्या बांधापर्यंत येऊ लागली. गावोगावच्या हजारो लहान टपालकचेऱ्या त्यानंतर बंद झाल्या. दुकानदाराचे नुकसान दुहेरी होते. टपालासाठी येणारे गिऱ्हाईक येईनासे झाले आणि त्याच टपालातून प्रतिस्पर्ध्याचे सूचीपत्र गिऱ्हाइकाच्या घरात शिरले.

(९)
दुसरा घाव पार्सलांचा. टपालाने तोवर चार पौंडांपेक्षा जड पुडके पाठवता येत नसे. त्यावरचा माल खासगी कंपन्या मनमानी दराने नेत. १ जानेवारी १९१३ रोजी सरकारी पार्सल टपाल सुरू झाले. खासगी वाहतूक कंपन्या आणि गावचे व्यापारी यांनी या कायद्याला वर्षानुवर्षे विरोध केला होता. यातली एक गंमत पाहा : ग्रामीण घरपोच टपाल आणि पार्सल टपाल या दोन्ही कल्पनांचा हिरिरीने पुरस्कार करणारे पोस्टमास्टर जनरल जॉन वॉनामेकर हे स्वतः फिलाडेल्फियातील एका भव्य दुकानाचे मालक होते.

(१०)
दुकानदार गप्प बसले नाहीत. 'आपला पैसा आपल्या गावात' अशा मोहिमा निघाल्या. सूचीपत्रे आणून द्या आणि बक्षीस न्या, अशी आमिषे मुलांना दाखवली गेली. काही गावांत सूचीपत्रांच्या भर चौकात होळ्या पेटल्या. त्यांचा युक्तिवाद नीट ऐकण्याजोगा होता. अडचणीच्या काळात उधार कोण देतो? गावच्या शाळेला आणि चर्चला देणगी कोण देतो? शिकागोची कंपनी तुमच्या आजारपणात विचारपूस करायला येणार आहे का? आज कोपऱ्यावरचा दुकानदार जे म्हणतो, ते जवळपास सगळे तेव्हाच म्हणून झाले होते. त्यात तथ्य होते. तरी शेतकऱ्यासमोर दोन किमती होत्या आणि त्यांतली एक बरीच कमी होती.

(११)
आता तिसऱ्या भागातला तो संदर्भ. दक्षिणेतील कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला सूचीपत्राने असे काही दिले, जे गावचे दुकान देत नव्हते. पत्राला रंग नसतो. किंमत तीच, कापड तेच, रांगेत मागे उभे राहणे नाही. काही ठिकाणी सिअर्स आणि रोबक हे दोघे कृष्णवर्णीय असल्याच्या अफवा पसरवल्या गेल्या, त्या याच रागातून. गोऱ्या गिऱ्हाइकांनी बिचकावे, हा त्यामागचा हेतू.

पुढे रोझेनवाल्ड यांनी कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या साहाय्याने शाळा उभारणीचे काम हाती घेतले. १९३२ पर्यंत दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. त्यांत स्थानिक समाजानेही पै-पैसा आणि श्रम घातले. दुकानाच्या ऱ्हासाची हळहळ करताना ही बाजू झाकता येणार नाही.

(१२)
१९०६ मध्ये सिअर्सने शिकागोच्या पश्चिम भागात ४० एकरांवर आपले केंद्र उभारले. मुख्य इमारतीचे क्षेत्रफळ ३० लाख चौरस फुटांहून अधिक होते. आत सरकते पट्टे, घसरगुंड्या आणि चिठ्ठ्या वाहून नेणाऱ्या हवेच्या नळ्या होत्या. प्रत्येक मागणीला पाव तासाचा ठरावीक अवकाश दिलेला असे; त्या वेळात प्रत्येक विभागाने आपली वस्तू बांधणीच्या जागी पोहोचवायची. उशीर झाला तर ती वस्तू वेगळी पाठवण्याचा जादा खर्च त्या विभागाच्या माथी बसे. आजच्या ऑनलाइन कंपन्यांच्या गोदामांत हातातल्या यंत्रावर सेकंद मोजणारा कामगार दिसतो. त्याचा पूर्वज या इमारतीत सापडतो.

(१३)
सूचीपत्राची झेप किती होती? १९०८ ते १९४० या काळात सिअर्सने चक्क घरे विकली. आराखडा पसंत करायचा. मग कापलेले लाकूड, खिळे, दारे, खिडक्या आणि सूचनापुस्तिका रेल्वेच्या डब्यातून येई. घर स्वतः किंवा सुताराकडून उभारून घ्यायचे. अशी सुमारे ७०,००० घरे विकली गेल्याचा अंदाज आहे आणि त्यांतली पुष्कळ आजही नांदती आहेत. 'एवढी मोठी वस्तू न पाहता कोण घेईल?' हा प्रश्न प्रत्येक पिढीत विचारला जातो आणि प्रत्येक पिढीत कुणीतरी ती घेतेच.

(१४)
मग सिअर्सने स्वतः दुकाने का काढली? कारण देश हलला. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेची शहरी लोकसंख्या ग्रामीण लोकसंख्येपेक्षा पहिल्यांदाच जास्त भरली. त्या वर्षी सुमारे ८० लाख मोटारगाड्या होत्या. दशक संपताना त्या सव्वादोन कोटींच्या पुढे गेल्या. शेतकरी आता स्वतःच शहरात जाऊन खरेदी करू शकत होता. त्यातच युद्धानंतरच्या मंदीत १९२१ मध्ये कंपनी बुडण्याच्या बेतात आली. रोझेनवाल्ड यांनी स्वतःची संपत्ती ओतून ती वाचवली. १९२४ मध्ये रॉबर्ट वुड हे माजी लष्करी अधिकारी वॉर्डच्या कंपनीतून इथे आले. पनामा कालव्याच्या कामावर असताना या गृहस्थांना सरकारी आकडेवारीचे ग्रंथ वाचण्याचा छंद जडला होता. गिऱ्हाईक कुठे निघाले आहे, हे त्यांनी त्या आकड्यांतून वाचले.

(१५)
फेब्रुवारी १९२५ मध्ये सिअर्सचे पहिले दुकान उघडले, तेही शिकागोच्या त्याच सूचीपत्र-केंद्राच्या इमारतीत. पुढची अनेक दुकाने जुन्या बाजारपेठेपासून दूर, स्वस्त जागेवर आणि मोटारी लावायला ऐसपैस मोकळी जागा ठेवून बांधली गेली. अवघ्या सहा वर्षांत, १९३१ मध्ये, दुकानांची विक्री सूचीपत्राच्या विक्रीहून अधिक झाली. गावच्या बाजारपेठेवर हा दुसरा आघात होता. साखळी दुकानांविरुद्ध देशभर चळवळ उभी राहिली आणि १९३६ मध्ये काँग्रेसने मोठ्या खरेदीदारांना मिळणाऱ्या खास सवलतींवर निर्बंध घालणारा कायदाही केला. प्रवाह मात्र उलटला नाही.

(१६)
दुसऱ्या महायुद्धानंतरची तीन दशके सिअर्सची होती. १९५६ मध्ये मिनेसोटातील ईडायना येथे व्हिक्टर ग्रुएन या वास्तुकाराने रचलेले साउथडेल सेंटर उघडले. संपूर्ण बंदिस्त आणि वातानुकूलित असा हा अमेरिकेतील पहिला मॉल. पुढे उपनगरोपनगरी मॉल झाले आणि अनेकांच्या एका टोकाला सिअर्सचे भले मोठे दुकान आले. १९७३ मध्ये शिकागोत ११० मजली सिअर्स टॉवर उभा राहिला. ढाक्यात वाढलेले अभियंते फजलूर रहमान खान यांच्या रचनेची ही ४४२ मीटर उंचीची इमारत १९९८ पर्यंत जगातील सर्वांत उंच होती. १९१६ पासून कर्मचाऱ्यांना नफ्यात वाटा देणाऱ्या योजनेमुळे सामान्य विक्रेतेही निवृत्त होताना गाठीशी चांगली रक्कम घेऊन जात.

(१७)
आता या कथेतला सर्वांत विलक्षण टप्पा. १९८० च्या दशकात सिअर्सच्या हाती काय काय होते ते पाहा. घराघरांत पोहोचणारे सूचीपत्र होते. देशभर गोदामे आणि माल घेऊन जाण्याचे काउंटर होते. १९८५ पासून 'डिस्कव्हर' हे स्वतःचे क्रेडिट कार्ड होते. आणि आयबीएमसोबत उभारलेली 'प्रॉडिजी' ही संगणक सेवा १९८८ मध्ये सुरू झाली होती, जिच्यावर घरच्या संगणकावरून बातम्या वाचता येत आणि खरेदीही करता येई. सूचीपत्र, वाहतूक, पैशांचा व्यवहार आणि पडदा : ऑनलाइन दुकानाची चारही चाके एकाच अंगणात पडलेली होती. ती एका गाडीला जोडण्याचे काम मात्र कुणी केले नाही.

(१८)
कारण तेव्हाचे संकट वेगळे होते. सॅम वॉल्टन यांनी १९६२ मध्ये सुरू केलेले वॉलमार्ट १९९० च्या सुमारास विक्रीत सिअर्सच्या पुढे गेले. गुंतवणूकदार खर्चकपातीसाठी अडून बसले. जानेवारी १९९३ मध्ये सिअर्सने जाहीर केले : ११३ दुकाने बंद, ५०,००० नोकऱ्या रद्द आणि मोठे सूचीपत्र कायमचे बंद. सूचीपत्राची विक्री तेव्हाही वर्षाला तीन अब्ज डॉलरहून अधिक होती, पण ते तोट्यात चालत होते. ताळेबंदाच्या दृष्टीने निर्णय अगदी समंजस होता. १९९६ मध्ये प्रॉडिजीतील हिस्साही विकून टाकला.

(१९)
जुलै १९९४ मध्ये, म्हणजे सूचीपत्र बंद करण्याच्या घोषणेनंतर दीडच वर्षांनी, जेफ बेझोस यांनी वॉशिंग्टन राज्यात अॅमेझॉन स्थापन केली. एका वर्षाने तिचे संकेतस्थळ खुले झाले. पहिला माल होता पुस्तके. लाखो शीर्षके एका दुकानात मावत नाहीत आणि कागदी सूचीपत्रातही मावत नाहीत. पडद्यावर मात्र मावतात.

इथेही कायद्याचा हात होता. १९९२ मध्ये 'क्विल' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला होता, की ज्या राज्यात विक्रेत्याचे प्रत्यक्ष अस्तित्व नाही, तिथला विक्रीकर त्याच्याकडून वसूल करवून घेता येणार नाही. खटला टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचा होता. फायदा ऑनलाइन विक्रेत्यांना झाला. कोपऱ्यावरचे दुकान कर लावून विके, दूरचे दुकान न लावता. हा निर्णय रद्द झाला तो थेट जून २०१८ मध्ये.

(२०)
चूक एकट्या सिअर्सने केली नाही. 'बॉर्डर्स' या पुस्तकदुकानांच्या साखळीने २००१ मध्ये आपली ऑनलाइन विक्री चक्क अॅमेझॉनकडे सोपवली. २०११ मध्ये तिची दुकाने बंद झाली. खेळण्यांची दुकाने चालवणाऱ्या 'टॉइज आर अस'ने २००० मध्ये अॅमेझॉनशी दहा वर्षांचा करार केला; तो न्यायालयात जाऊन मोडला आणि कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या कंपनीने २०१८ मध्ये अमेरिकेतील दुकाने आवरली. जुना खेड्यातला दुकानदार हे कधीच करता ना. गल्ला चोरीला गेला तरी चालेल, पण गिऱ्हाइकांची खातेवही शेजाऱ्याच्या दुकानात ठेवायची नसते, हे त्याला ठाऊक होते.

(२१)
सिअर्सचा शेवटचा अंक २००५ मध्ये सुरू झाला. गुंतवणूकदार एडी लॅम्पर्ट यांनी तिला केमार्ट या साखळीशी जोडले. त्यानंतर दुकानांच्या डागडुजीवर स्पर्धकांच्या तुलनेत फारच थोडा खर्च होत गेला. २०१५ मध्ये दोनशेहून अधिक मोक्याच्या जागा 'सेरिटेज' या नव्या कंपनीला सुमारे २.७ अब्ज डॉलरला विकल्या. त्या कंपनीतही लॅम्पर्ट यांचा मोठा वाटा होता. जी दुकाने काल स्वतःची होती, त्यांचे आता भाडे भरावे लागले. २०१७ मध्ये 'क्राफ्ट्समन' ही हत्यारांची नामांकित मुद्राही विकली गेली. घरातली भांडी मोडीत घालून चूल पेटती ठेवण्याचा तो प्रकार होता. मग उजाडला ऑक्टोबर २०१८.

(२२)
आता एक आकडा. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइन विक्रीचा वाटा साधारण १० टक्के होता. म्हणजे सिअर्सने मान टाकली तेव्हाही दर दहा डॉलरपैकी नऊ डॉलर दुकानांतच खर्च होत होते. मग दुकाने पडली का? गरजेपेक्षा जास्त बांधलेले मॉल, कर्ज, स्वस्त प्रतिस्पर्धी आणि जागांच्या किमतीवर डोळा ठेवणारे मालक, हे सगळे आधीच भिंती पोखरत होते. दुकानाचा नफा मुळात तुटपुंजा असतो. दहातले एक गिऱ्हाईक गेले, की भाडे आणि पगार तेच राहतात आणि नफा संपतो. ऑनलाइन खरेदीचा धक्का जोरदार होता, यात शंका नाही. पण पोखरलेली भिंत आधी पडली.

(२३)
किंमत कुणी मोजली? २०१९ च्या आरंभी सिअर्स आणि केमार्टच्या सुमारे ९०,००० आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची जबाबदारी सरकारी विमा संस्थेला उचलावी लागली. कधीकाळी नफ्यात वाटा देणाऱ्या कंपनीचा हा शेवट होता. गावांनी करउत्पन्न गमावले. आणि गिऱ्हाइकाने काय गमावले? ज्याच्याशी भांडता येते असा समोरचा माणूस. काय मिळवले? स्वस्ताई, अमर्याद निवड आणि कुणाच्या नजरेखाली न येता खरेदी करण्याची मोकळीक. १९०० च्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यासाठी त्या मोकळिकीचे मोल कशातच मोजता आले नसते. दोन्ही पारडी खरी आहेत. एकच पारडे दाखवणारा इतिहास अर्धा असतो.

(२४)
एक जागा लक्षात ठेवा : ओहायो राज्यातील नॉर्थ रँडल. इथे १९७६ मध्ये रँडल पार्क मॉल उघडला, तेव्हा तो जगातील सर्वांत मोठ्या मॉलपैकी एक होता आणि सिअर्स त्याचे एक प्रमुख दुकान होते. मॉल ओस पडला, पाडला गेला आणि २०१८ मध्ये त्याच जमिनीवर अॅमेझॉनचे अवाढव्य गोदाम सुरू झाले. खिडक्या नसलेली इमारत, आत पट्ट्यांवरून धावणारा माल, मिनिटामिनिटाचा हिशोब. १९०६ च्या शिकागोतील कुणी कामगार तिथे जाऊन उभा राहिला असता, तर त्याला यंत्रे नवी वाटली असती. काम मात्र ओळखीचेच वाटले असते.

(२५)
सिअर्स कोसळली त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, मुंबईच्या फोर्ट भागातील स्ट्रँड बुक स्टॉल बंद झाले. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या या दुकानाने वाचकांच्या कितीतरी पिढ्या घडवल्या. त्याआधी दोन वर्षे, २०१६ मध्ये, काळा घोड्याजवळचे ऱ्हिदम हाऊस हे संगीताचे दुकान मिटले. प्रत्येक दुकानाची कारणे निराळी असतात. म्हणून सगळ्यांच्या मृत्युपत्रावर 'इंटरनेट' एवढाच शब्द लिहून मोकळे होऊ नये.

सिअर्सकडून शिकायचे ते हे : दुकान उभे असते ते टपाल, रस्ते, कर, उधारी आणि विश्वास यांच्या पायावर. पाया सरकला की छापील कागदही त्याला पाडतो आणि पडदाही. हा पाया कोण सरकवतो, कुणाच्या फायद्यासाठी आणि कुणाला मध्ये चिरडून, हे विचारणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

म्हणून एक विनंती. आपल्या गावातले, पेठेतले एखादे जुने दुकान मिटण्याच्या वाटेवर असेल, तर एकदा तिथे जाऊन बसा. पाटीचे छायाचित्र घ्या, सुरू झाल्याचे वर्ष विचारा, जुन्या खातेवह्या आहेत का पाहा, उधारी कुणाला मिळे आणि कुणाला नाकारली जाई हेही विचारा. मालकांना संकोच वाटेल असे मात्र काही प्रसिद्ध करू नका. सिअर्सची सूचीपत्रे आज इतिहासकार साधन म्हणून वापरतात. आपल्याकडच्या वह्या बहुधा रद्दीत जातात, आणि त्या रद्दीत जाण्याआधी पोहोचणारे आपणच आहोत.

धागा समाप्त.